८०५१ मायक्रोकंट्रोलरचा ट्रेनर बोर्ड हाताशी आहे: यावरच शिकवायचं की बोर्डच बदलायचा?

खाडीपूल

ऐरोलीत सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये शनिवार-रविवार दोन-दोन तासांचा सराव चालतो. इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची सहा मुलं आहेत. दोन ट्रेनर बोर्ड मिळालेत, दोन्ही एकाच बनावटीचे. सामान असं:

झिफ सॉकेटमध्ये (दांडा उचलून चिप बसवायचा) एटी८९एस५२ ही ८०५१ जातीची चिप, ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, आठ एलईडी, आठ खटक्यांचा डिप स्विच, ४×४ कीपॅड, चार अंकी सेव्हन सेगमेंट, १६×२ एलसीडी, एडीसी०८०४ (व्होल्टचा आकडा करणारी चिप) सोबत एलएम३५ तापमान सेन्सर, यूएलएन२००३ या रिले चालवणाऱ्या चिपवर ५ व्होल्टचे दोन रिले, मॅक्स२३२ (सिरियलचे व्होल्ट चिपला जुळवणारा आयसी) आणि नऊ पिनांचा सिरियल सॉकेट. पॉवरला १२ व्होल्टचा अडॅप्टर आणि बोर्डावर ७८०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर). प्रोग्रॅमर यूएसबीएएसपी. शिवाय एक अर्डुइनो ऊनो बोर्ड आहे.

मुलांना शेवटी सेन्सर-रिले-डिस्प्ले असं काहीतरी स्वतः उभं करता आलं पाहिजे. क्रम कसा लावावा? आणि सध्याच्या तीन तक्रारी:

१) बोर्ड अ: एलसीडीवर पहिल्या ओळीत नुसते काळे चौकोन.
२) बोर्ड अ: खोलीत ३२ अंश असताना डिस्प्लेवर १६.
३) बोर्ड ब: प्रोग्रॅम कधी चढतो, कधी चढत नाही. तीच केबल, तोच लॅपटॉप.

वागळे३२

स्पष्ट सांगू का? ८०५१ इंटेलनं १९८० साली आणला. त्यावर आणखी सहा मुलांचे शनिवार घालवू नका. एसटीएम३२ या नव्या मायक्रोकंट्रोलरचा न्यूक्लिओ बोर्ड घ्या. त्यावर एसटी-लिंक डीबगर असतोच, त्यामुळे ब्रेकपॉइंट लावून प्रोग्रॅम थांबवता येतो आणि रजिस्टरमध्ये काय आहे ते डोळ्यांनी बघता येतं. ट्रेनर बोर्डावर प्रोग्रॅम चुकला की मुलं नुसती बोर्डाकडे बघत बसतात.

ओहम्_शांती

वागळे, डीबगरबद्दल म्हणता ते शंभर टक्के मान्य. पण खाडीपूल यांच्या तिन्ही तक्रारी वाचा. तिन्ही हार्डवेअरच्या आहेत. ब्रेकपॉइंट लावून यातली एकही सापडायची नाही.

ट्रेनर बोर्डाची खरी अडचण वय नाही. सगळं आधीच जोडून दिलेलं असतं, ही अडचण. जंपर लावला, हेक्स फाइल चढवली, एलईडी लुकलुकला, वहीत सही झाली. पिनेपासून एलईडीपर्यंत मधे काय आहे ते कुणी बघितलंच नाही. तेव्हा पहिल्या शनिवारी लॅपटॉप उघडूच नका. सप्लाय काढा, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा आणि प्रत्येक पोरानं एकेक भाग घेऊन चिपच्या ४० पिनांपासून तिथपर्यंतचा मार्ग कागदावर काढायचा. बोर्डासोबत सर्किट डायग्राम आला असला तरी हे करा. छापील डायग्राम आणि हातातला बोर्ड दर वेळी जुळतोच असं नाही.

सुरुवात या पिनांपासून: ४० वर ५ व्होल्ट, २० वर ग्राउंड, ९ वर रिसेट, १८-१९ वर क्रिस्टल, ३१ वर ईए. ही ३१ नंबरची पिन ५ व्होल्टला बांधलेली असलीच पाहिजे. लटकली तर चिप कधी आतला प्रोग्रॅम चालवते, कधी बाहेरच्या, नसलेल्या मेमरीत शोधत बसते. बोर्डाला हात लागला की बरा होतो, काढला की बिघडतो, असं दिसलं तर पहिला संशय हिच्यावर.

तुर्भे_टीटीएल

ओहम् यांना +१. एलईडीच्या मार्गावर थोडं जास्त थांबा, कारण पोर्टचा स्वभाव तिथेच कळतो.

८०५१ च्या पोर्ट १, २, ३ मध्ये आतले पुलअप (पिनेला ५ व्होल्टकडे ओढणारे रेझिस्टर) फार दुबळे असतात. पिन एक असताना बाहेर जेमतेम काही मायक्रोअँपिअर देते. शून्य असताना मात्र मिलिअँपिअरमध्ये आत ओढते. म्हणून एलईडीचं दुसरं टोक ५ व्होल्टला बांधतात आणि शून्य लिहिल्यावर तो पेटतो. मुलांना हे पहिल्या दिवशी उलटं वाटतं. वाटू द्या.

आता हिशेब करायला लावा. लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात. ४७० ओहमचा रेझिस्टर असेल तर (५ - २) ÷ ४७० म्हणजे ६.४ मिलिअँपिअर. आठ पेटले की ५१. एटी८९एस५२ च्या डेटाशीटमध्ये मर्यादा अशी: एका पिनेला १०, पोर्ट शून्यला मिळून २६, बाकी प्रत्येक पोर्टला १५, सगळ्या चिपला ७१ मिलिअँपिअर. म्हणजे थेट जोडणी असेल तर ४७० चालणार नाही. १ के घेतला तरी आठांचे २४ होतात, तोही नको. २.२ के ला ११ च्या आत बसतं. बोर्डावर ४७० दिसले तर मधे बफर आयसी (पिनेऐवजी करंट स्वतः पेलणारा) आहे का ते शोधायचं. तो सापडला की तो तिथे का बसवलाय हे वेगळं सांगावं लागत नाही.

पोर्ट शून्यची गोष्ट निराळी. तो ओपन ड्रेन, आत पुलअपच नाही. एलईडी मात्र त्यावरही पेटतात, कारण शून्याकडे ओढायला पुलअप लागत नाही. त्यामुळे पोर्ट ठीक आहे असा समज होतो आणि तिथे एलसीडी किंवा खटका जोडला की सगळं गंडतं.

सोल्डरताई

खाडीपूल, तीन नंबरच्या तक्रारीचं उत्तर बहुधा तुमच्याच यादीत आहे. डिप स्विच कोणत्या पोर्टवर आहे?

खाडीपूल

आत्ताच ट्रेस केलं. पोर्ट १ वर. खटका वर केला की पिन सरळ ग्राउंडला.

सोल्डरताई

मग झालं. एटी८९एस५२ बोर्डावरच प्रोग्रॅम करताना पी१.५, पी१.६ आणि पी१.७ याच पिना वापरल्या जातात. आत जाणारा डेटा, बाहेर येणारा डेटा आणि क्लॉक. म्हणजे डिप स्विचचे ६, ७, ८ नंबरचे खटके. आधीच्या प्रयोगात यातला एखादा वर राहिला की पिन जमिनीला आणि प्रोग्रॅमरची बोंब. सगळे खाली असले की चढतो. म्हणून कधी होतं, कधी होत नाही.

प्रोग्रॅम चढवण्यापूर्वी आठही खटके खाली, किंवा त्या भागाचा जंपर काढलेला, ही सवय लावा. खटक्यांच्या बाजूला मार्करनं खूण करून ठेवा.

याच जातीची आणखी दोन कारणं. एक, प्रोग्रॅमरच्या सॉफ्टवेअरमध्ये चिप एटी८९एस५२ च निवडलेली हवी. एव्हीआर जातीच्या चिपला रिसेट खाली ओढून प्रोग्रॅम करतात, हिला रिसेट वर ठेवून. दोन, प्रोग्रॅम होताना क्रिस्टल चालू असावा लागतो, आणि प्रोग्रॅमरचा क्लॉक क्रिस्टलच्या सोळाव्या भागापेक्षा कमी हवा. ११.०५९२ ला ती हद्द साधारण ६९० किलोहर्ट्झ. झिफ सॉकेटचा दांडा अर्धवट राहिला की १८-१९ चा संपर्क सुटतो आणि नेमकं हेच लक्षण दिसतं.

ओहम्_शांती

दोन नंबर, ३२ चे १६. नेमकं निम्मं दाखवतंय, हाच धागा पकडायचा.

एलएम३५ एका अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. ३२ अंशाला ३२० मिलिव्होल्ट. एडीसी०८०४ आठ बिटांचा, म्हणजे २५६ पायऱ्या. त्याच्या ९ नंबरच्या पिनेवर जेवढे व्होल्ट, त्याच्या दुप्पट ही पूर्ण पट्टी. तिथे १.२८ व्होल्ट दिले तर पट्टी २.५६ व्होल्टची, एक पायरी १० मिलिव्होल्टची. म्हणजे आकडा हाच अंश, प्रोग्रॅममध्ये गुणाकार-भागाकार काही नको. ९ नंबर मोकळी सोडली तर ती आतूनच अडीच व्होल्टवर बसते, पट्टी ५ व्होल्टची होते, पायरी १९.५ मिलिव्होल्टची. ३२० ÷ १९.५ = १६.४. तुमचे १६.

बोर्डावर एडीसीजवळ एक छोटा प्रीसेट (स्क्रूनं फिरवायचा रेझिस्टर) असेल. त्याचा जंपर बसलाय का बघा, मग ९ नंबरवर मीटर लावून १.२८ व्होल्ट येईपर्यंत बारीक स्क्रूड्रायव्हरनं फिरवा.

मुलांना आधी कारण सांगू नका. ९ नंबरवर किती व्होल्ट दिसतात ते मोजा आणि ३२ चे १६ का होतात ते कागदावर काढा, एवढंच सांगा.

वागळे३२

हे बरं जमलंय, मानलं. आता एलसीडीचं सांगा. मला वाटतं कॉन्ट्रास्ट.

तुर्भे_टीटीएल

कॉन्ट्रास्ट नाही. कॉन्ट्रास्ट बिघडला तर पडदा कोरा तरी दिसतो किंवा दोन्ही ओळी गडद होतात. फक्त पहिल्या ओळीत चौकोन म्हणजे एलसीडीला वीज मिळाली, कॉन्ट्रास्टही ठीक, पण सुरुवातीच्या आज्ञा पोचलेल्याच नाहीत. तीन जागा बघायच्या:

वीज आल्यावर किमान १५ मिलिसेकंद थांबायचं, मग हेक्स ३० तीनदा. पहिल्यानंतर ४.१ मिलिसेकंदांहून जास्त थांबा, दुसऱ्यानंतर १०० मायक्रोसेकंदांहून जास्त. मग ३८, ०सी, ०१, ०६. यातल्या ०१ ला, म्हणजे पडदा पुसायला, दीड मिलिसेकंद लागतात. बाकीच्यांना ४० मायक्रोसेकंद पुरतात. पुसल्यावर न थांबता पुढचं पाठवलं की पहिली दोन-तीन अक्षरं गायब होतात.

पाच नंबरची पिन, वाचणं-लिहिणं ठरवणारी. प्रोग्रॅममध्ये नसेल वापरली तर ग्राउंडला हवी.

आणि डेटाच्या आठ तारा. त्या कोणत्या पोर्टवर आहेत?

खाडीपूल

पोर्ट शून्य. पण पुलअप आहे, नऊ पायांचं रेझिस्टर नेटवर्क सॉकेटमध्ये बसवलंय. पोर्टवर हेक्स एफएफ (आठही बिट एक) लिहून मोजलं, आठही पिनांवर ५ व्होल्ट येतात. बोर्ड ब वर हाच प्रोग्रॅम, हाच एलसीडी चालतो.

फ्लक्स_विक

नेटवर्क सॉकेटमध्ये आहे म्हणता? त्यावरचा ठिपका कुठल्या टोकाला आहे?

खाडीपूल

ठिपका पी०.७ च्या बाजूला. बोर्ड ब वर तो उलट्या टोकाला आहे!

फ्लक्स_विक

मग तुमचा चोर सापडला. थोडं सविस्तर लिहितो, कारण हे शिकवायला सोन्यासारखं उदाहरण आहे.

नऊ पायांच्या नेटवर्कमध्ये आठ रेझिस्टर असतात. ठिपक्याचा पाय आठांना सामाईक, तो ५ व्होल्टला जायला हवा. उलटं बसवलं की सामाईक पाय पी०.७ च्या तारेवर येतो, आणि ५ व्होल्ट दुसऱ्या टोकाच्या एकाच रेझिस्टरमधून आत येतात. उरलेल्या सातही तारा आपापल्या १० के मधून पी०.७ ला बांधल्या जातात.

आता एफएफ लिहिलं की पोर्टच्या आठही पिना सोडून देतात. त्या एका रेझिस्टरमधून सगळ्यांना ५ व्होल्ट मिळतात, आणि मल्टिमीटर स्वतः काही ओढत नसल्यामुळे तो बिनधास्त ५ दाखवतो. चाचणी पास.

एलसीडी काढून ठेवा आणि पोर्ट शून्यवर हेक्स ७एफ लिहा. म्हणजे फक्त सातवा बिट शून्य. नेटवर्क सरळ असेल तर पी०.७ खाली जाते, बाकी सात ५ व्होल्टवर राहतात. उलटं असेल तर पी०.७ सोबत आठही खाली बसतात.

आता एलसीडीच्या आज्ञा बघा: ३०, ३८, ०सी, ०१, ०६. सगळ्यांत सातवा बिट शून्य. इंग्रजी अक्षरांच्या कोडमध्येही शून्यच. म्हणजे काहीही पाठवा, एलसीडीला एकसुद्धा 'एक' नीट पोचत नाही. चौकोनांशिवाय ती दुसरं दाखवणार तरी काय?

वीज काढून नेटवर्क उलटवा.

खाडीपूल

उलटवलं. अक्षरं आली. आधी ७एफ ची चाचणीही केली, आठही पिना शून्यावर गेल्या, अगदी सांगितलंत तसंच. प्रीसेट १.२८ वर आणल्यावर तापमानही ३२ दाखवतंय.

आता क्रमाचं सांगा. आणि हो, नवीन प्रश्न: बोर्ड चालू करताना दोन्ही रिले टक् करून लागतात, मग प्रोग्रॅम सुरू झाल्यावर सुटतात. हे बरोबर आहे का?

सोल्डरताई

बरोबर नाही, पण ८०५१ च्या स्वभावाला धरून आहे. रिसेटमध्ये सगळ्या पोर्टच्या पिना एक होतात. यूएलएन२००३ ला एक मिळाला की तो रिले लावतो. प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत शून्य लिहिलं तरी रिसेटचा तेवढा वेळ रिले लागलेलाच असतो. ट्रेनरवर टक् आवाज येऊन जातो. उद्या त्याच रिलेवर कुणी पाण्याचा पंप लावला तर वीज जाऊन आली की पंप झटका खाणार. उपाय म्हणजे मधे एक इन्व्हर्टर गेट (एकाचं शून्य, शून्याचा एक करणारं), म्हणजे पिन शून्य झाल्यावरच रिले लागेल.

यूएलएनबद्दल दोन गोष्टी. त्याची ९ नंबरची पिन रिलेच्या सप्लायला जोडलेली आहे का ते मीटरनं बघा. रिले सुटताना कॉइलमधून उलटा झटका येतो, तो जिरवणारे डायोड आत असतात, पण ९ नंबर मोकळी असेल तर ते असून नसल्यासारखे. मग रिले सुटला की चिप रिसेट होते आणि मुलं प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात. दुसरं, रिले पोर्ट १, २ किंवा ३ वर असतील तर आतल्या दुबळ्या पुलअपवर भरवसा नको. बाहेरून ४.७ के चा पुलअप ५ व्होल्टला लावा.

आणि क्लबहाऊसमध्ये रिलेच्या कॉन्टॅक्टवर २३० व्होल्ट अजिबात नाहीत. १२ व्होल्टचा बल्ब किंवा छोटा पंखा लावा. ट्रेनर बोर्डाच्या खालच्या बाजूचे सोल्डर उघडे असतात आणि टेबलावर सहा जणांचे हात.

वागळे३२

सोल्डरताईंच्या शेवटच्या परिच्छेदाला दहा वेळा +१.

७८०५ ला हात लावून बघितलात का? १२ व्होल्टचा अडॅप्टर, एलसीडीचा दिवा, सेव्हन सेगमेंट आणि दोन रिले मिळून ३०० मिलिअँपिअर धरा. (१२ - ५) × ०.३ = २.१ वॅट नुसती उष्णता. हीटसिंकशिवाय एवढ्यात तो तापून स्वतःच बंद पडतो, थंड झाला की परत चालू. वीस मिनिटांनी बोर्ड आपोआप रिसेट होतो ही तक्रार बहुतेक वेळा हीच. ९ व्होल्टचा अडॅप्टर लावा, १.२ वॅटवर येतं. ८ च्या खाली मात्र नको. ७८०५ ला स्वतःसाठी २ व्होल्ट लागतात आणि बोर्डावर उलट्या जोडणीपासून वाचवणारा डायोड असेल तर त्याचे ०.७ वेगळे.

ओहम्_शांती

क्रम. मी तरी असा लावेन, वेळ मुलांच्या गतीनं.

पहिला शनिवार ट्रेसिंग, वर लिहिलंय. मग एलईडी आणि खटका, पण नुसत्या लूपच्या डिलेनं एकदाच. लूपचा डिले कंपायलरवर अवलंबून असतो. कायलवर एक सेकंद येणारा लूप एसडीसीसीवर निराळाच येतो. (कायलच्या फुकट आवृत्तीत ८०५१ साठी २ केबी कोडची मर्यादा आहे, शिकायला पुरते. एसडीसीसीला मर्यादा नाही, पण पिनेला नाव द्यायची पद्धत वेगळी, त्यामुळे कायलचा नमुना जसाच्या तसा चालत नाही. एकच काय ते ठरवा.)

लगेच टायमरवर या. ११.०५९२ ला बारानं भागलं की सेकंदाला ९,२१,६०० मोजण्या. ५० मिलिसेकंदांना ४६,०८०. ६५,५३६ मधून वजा केले की १९,४५६, हेक्समध्ये ४सी००. टायमरच्या टीएच० रजिस्टरमध्ये ४सी, टीएल० मध्ये ००. वीस वेळा झालं की एक सेकंद. हा हिशेब पोरांनी हातानं करायचा, तयार कॅल्क्युलेटर नको.

त्यानंतर सिरियल, आणि तिथेच ११.०५९२ असा विचित्र क्रिस्टल का ते कळतं. ९६०० बॉडच्या (सेकंदाला तेवढे बिट) वेगासाठी ११०५९२०० ÷ (३८४ × ९६००) = बरोबर ३. टीएच१ मध्ये २५६ - ३, म्हणजे हेक्स एफडी. १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला तर उत्तर ३.२५ च्या आसपास येतं, ३ घ्यावे लागतात आणि वेग साडेआठ टक्क्यांनी चुकतो. स्क्रीनवर कचरा दिसतो. मुद्दाम क्रिस्टल बदलून तो कचरा दाखवाच.

मग सेव्हन सेगमेंट, एलसीडी, एडीसी, इंटरप्ट. कीपॅड सगळ्यात शेवटी. त्यात सगळ्याची सरमिसळ असते.

फ्लक्स_विक

सिरियलला एक खड्डा आहे. आजच्या लॅपटॉपला नऊ पिनांचा सॉकेट नसतो, म्हणून यूएसबी-टीटीएलचं छोटं मॉड्यूल वापरतात, सीएच३४० किंवा सीपी२१०२ वालं. ते पी३.० आणि पी३.१ ला जोडायचं, एकाचं पाठवणं दुसऱ्याच्या घेण्याला, ग्राउंड एकत्र. पण पी३.० वर बोर्डावरच्या मॅक्स२३२ चं आउटपुट आधीच बसलेलं असतं. दोन आउटपुट एकाच तारेवर भांडतात. परिणाम असा की बोर्डाकडून लॅपटॉपकडे सगळं नीट येतं, लॅपटॉपकडून बोर्डाकडे काहीच जात नाही. मॅक्स२३२ चे जंपर काढा. जंपर नसतील तर तो आयसीच सॉकेटमधून काढून ठेवा.

आणि नऊ पिनांच्या सॉकेटवरची तार थेट चिपला कधीही नाही. तिथे उणे-अधिक दोन्हीकडचे व्होल्ट असतात, चिप जाते.

कळवा_लोकल

सेव्हन सेगमेंटवर शेजारच्या अंकाची पुसट सावली दिसते, त्याचं काय?

तुर्भे_टीटीएल

आधीचा अंक चालू असतानाच पुढच्याचे सेगमेंट लिहिले जातात म्हणून. क्रम असा: चारही अंक बंद, मग सेगमेंट लिहा, मग एक अंक चालू. प्रत्येकाला ५ मिलिसेकंद दिले की फेरी २० मिलिसेकंदांची, सेकंदाला ५०. त्याहून हळू केलं की लुकलुक दिसते. हे टायमर इंटरप्टमध्ये ठेवा, नाहीतर एडीसी वाचताना डिस्प्ले थबकतो.

खाडीपूल

ऊनोचं काय करायचं? मुलांचा ओढा तिकडेच आहे.

वागळे३२

शेवटच्या महिन्यात द्या. तोच एलएम३५, तोच रिले ऊनोवर. ५ व्होल्टच्या संदर्भावर त्याच्या एडीसीची एक पायरी ४.८८ मिलिव्होल्टची, म्हणजे अर्धा अंश. आतला १.१ व्होल्टचा संदर्भ निवडला की १.०७ मिलिव्होल्टची. फरक डोळ्यांसमोर दिसतो.

एक सापळा मुद्दाम दाखवा. एक मिनिट थांबायला डिलेच्या कंसात ६० गुणिले १००० लिहिलं तर ऊनो गोठल्यासारखा बसतो. दोन्ही आकडे सोळा बिटांचे, ३२,७६७ च्या पुढे मावत नाहीत. उत्तर उणे ५,५३६ होतं आणि डिले ते ४२९ कोटी मिलिसेकंद समजतो, म्हणजे जवळजवळ पन्नास दिवस. १००० नंतर लगेच यूएल लावलं की सुटतं. मुलं आधी बोर्ड जळाला म्हणतात.

त्यापुढे मग एसटीएम३२, माझा हट्ट कायम आहे. ब्लू पिल हा त्याचा छोटा बोर्ड घ्याल तर त्यावर ३.३ व्होल्ट, आणि पीसी१३ वरचा एलईडी इथेही शून्यावरच पेटतो. ५ व्होल्टचा सेन्सर सरसकट कुठल्याही पिनेला नको. पीबी६, पीबी७, पीए९, पीए१० पाच व्होल्ट सहन करतात. पीए० ते पीए७ नाही.

सोल्डरताई

खरेदी. ठाण्याहून दादरला उतरून पश्चिम रेल्वेच्या धीम्या लोकलनं ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोड चालत. रविवारी बहुतेक दुकानं बंद, म्हणून शनिवारी सकाळीच जा. दोन बोर्डांना पुरेल असं: एटी८९एस५२ चार (दोन जाणारच), ११.०५९२ आणि १२ मेगाहर्ट्झचे क्रिस्टल प्रत्येकी दोन, ३३ पिकोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर दहा, १०४ चे (०.१ मायक्रोफॅरड) वीस, १० के चं नऊ पायांचं नेटवर्क चार, २.२ के आणि ४.७ के चे रेझिस्टर शंभर-शंभर, यूएलएन२००३ तीन, एलएम३५ दोन, यूएसबी-टीटीएल दोन, जंपरच्या टोप्या पन्नास. टोप्या सगळ्यात आधी हरवतात.

१०४ एवढे कशाला विचाराल, तर बोर्डाबाहेर ब्रेडबोर्डवर काहीही उभं केलं की प्रत्येक आयसीच्या सप्लायच्या पिनांना चिकटून एक लावायचा.

पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेत ब्रेडबोर्डचे आतले पत्रे आणि बर्ग स्ट्रिप (जंपर बसतात त्या पिनांच्या पट्ट्या) काळ्या पडतात. बोर्ड झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या चार पुड्यांसोबत ठेवा. आणि जुलै-ऑगस्टमध्ये 'काल चालत होतं, आज नाही' असं झालं की प्रोग्रॅमकडे जाण्याआधी आयसी आणि जंपर एकदा काढून परत बसवा.

खाडीपूल

यादी छापून घेतली. डिप स्विचच्या ६, ७, ८ खटक्यांना लाल मार्करनं खूण केली आहे. या शनिवारी लॅपटॉप बंद, नुसतं ट्रेसिंग. बोर्ड अ वरचं नेटवर्क मुलं यायच्या आत परत उलटं बसवून ठेवणार आहे.

फ्लक्स_विक

ठिपक्यावर काळा मार्कर फिरवायला विसरू नका.